सत्तावीस मेगाहर्ट्झ आणि अडीच फूट बाप्पा

रेडिओ घ्यायचा, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कशाला? मोबाइलवर लागतात की गाणी."

गाण्यांचा नव्हे, बोलायचा. या गाडीतून त्या गाडीशी, जिथे मोबाइलला एक काडी रेंज नाही अशा रानात. हे सांगितल्यावर यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. इतकं नीट मध्ये कधी पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

कारण होतं गंगी. गंगी आमच्या शेडमध्ये माती मळायला असते. मी बावीस वर्षं पेणमधल्या दुसऱ्यांच्या कारखान्यांत फक्त डोळ्यांची आखणी केली. हजारो बाप्पांनी माझ्या हातून डोळे उघडले, पण मातीच्या गोळ्यापासून अख्खी मूर्ती मी पहिल्यांदा घडवली ती यंदा, भाड्याच्या शेडमध्ये. शाडूची, अडीच फूट, गंगीच्या वाडीसाठी.

गंगीची वाडी खांबच्या पुढे, डोंगरात. गेली दोन वर्षं वाडीतल्या बायका गणपती आणायचा म्हणून धडपडत होत्या. पहिल्या वर्षी रानातल्या रस्त्यात बाप्पाची सोंड मोडली. दुसऱ्या वर्षी हात. दोन्ही वेळा पुढच्या गाडीतला माणूस "थांब, थांब" ओरडत होता आणि मागच्या टेम्पोला ते ऐकू गेलं नाही. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गिरजाबाई. त्यांनी निकाल देऊन टाकला, "त्याला नाय यायचं आपल्याकडं. दोनदा सांगितलान. आता इचारू नका."

हे सांगताना गंगीचे हात मातीत थांबले. गंगीचे हात थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. आणि मी बोलून गेले, "यंदा मी आणते. अख्खा."

काही वाक्यं तोंडातून बाहेर पडताना जाणवतं की ही आता परत येणार नाहीत. गंगी ते वाक्य घेऊन वाडीवर गेली आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन आली. "म्हातारी व्हय म्हनली. पन ह्या बारीला मोडला, तर परत नावच काढायचं नाय, म्हनाली."

म्हणजे माझी पहिली मूर्ती, वाडीची शेवटची संधी, आणि चालवणारी मी, जी गाडी शेहेचाळिसाव्या वर्षी शिकली. मी आमची जुनी जीप रिव्हर्स घेत असले की आळीतली माणसं अजून हातातली कामं टाकून बघायला येतात. मदतीला नाही. बघायला.

तर रेडिओ. पहिला मी पेणच्या बाजारातून आणला, खेळण्यांच्या दुकानातून. पोपटी रंगाची जोडी. मी शेडमध्ये, हे तुळशीपाशी. आवाज उत्तम आला. मात्र रेडिओ बंद केल्यावरही तितकाच उत्तम आला. तुळशीच्या पलीकडे हे गेले की नुसती शिट्टी.

मग शेजारचे हैबतराव आले. हैबतराव पोलिसांच्या वायरलेस विभागातून निवृत्त झालेत. बायकोशीही बोलताना वाक्य संपलं की एक क्षण थांबतात. मी मोबाइलवर त्यांना एक जाहिरात दाखवली: "शंभर किलोमीटरपर्यंत स्पष्ट आवाज", किंमत एका बऱ्या कुकरइतकी.

"वहिनी," ते म्हणाले, "हा घेतलात तर शंभर किलोमीटर जाल नक्की. ठाण्याच्या तुरुंगापर्यंत. याला परवाना लागतो."

"आणि परवाना कसा मिळतो?"

"मिळत नाही."

माझं शिक्षण नववीपर्यंत शाळेत आणि त्यानंतर नगरवाचनालयात झालं. त्यामुळे कोणी "नाही" म्हटलं की मी पुस्तक शोधते. आठ दिवस डिक्शनरी घेऊन बसले आणि शोध लागला: सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपास एक पट्टा आहे. त्याला सीबी म्हणतात. नागरिकांचा पट्टा! पाच वॅटच्या आत रेडिओ असेल तर परवाना लागत नाही. हे वाचून मी खरंच गहिवरले. सरकारनं इतक्या मोठ्या आकाशातली एवढीशी पट्टी काढून ठेवली होती, आणि ती माझ्यासारखीसाठी होती. पाच वॅट म्हणजे देवघरातल्या लाल बल्बइतकी वीज.

हैबतरावांना नियम छापून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "असेल," म्हणाले, "पण लेखी घ्या. रस्त्यात कोणी अडवलं तर?"

म्हणून मी एका कचेरीत गेले. कुठली ते लिहीत नाही, माणसं चांगली होती. पहिल्या टेबलावर माझी रेडिओ हरवल्याची तक्रार लिहून घ्यायला सुरुवात झाली. दुसऱ्या टेबलावर कळलं की परवान्याचा अर्ज इथे होत नाही. मी म्हटलं, परवाना नकोच आहे, लागत नाही एवढंच लिहून हवं आहे. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"बाई, लागतो असं लिहून द्यायचा अधिकार असतो. लागत नाही असं लिहून द्यायचा अधिकार कोणालाच नाही."

"मग मी काय करू?"

"लागत नाही ना? मग काही करू नका."

"पण लेखी..."

साहेबांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. मी अर्ज लिहायचा की "मला परवाना लागत नाही, तरी माहितीस्तव सादर." त्याला उत्तर येणार नाही, पण आवकचा शिक्का मिळेल. तो गोल जांभळा शिक्का घेऊन मी बाहेर पडले. हैबतरावांनी तो उजेडात धरून पाहिला आणि प्रथमच माझ्याकडे आदरानं बघितलं. त्या कागदाला आम्ही प्लॅस्टिक लावून घेतलं.

रेडिओ मात्र पेणमध्ये कुठेच नव्हता. शेवटी पत्ता लागला रोह्याचा, स्टेशनजवळ गाड्यांचं सामान विकणारा मितेश. मी आगगाडीनं गेले. मितेशच्या दुकानाबाहेर चार जीपा उभ्या होत्या, टपापर्यंत चिखल.

"अपघात?" मी विचारलं.

"नाही काकू, हौस." मग त्यानं समजावलं. रविवारी शहरांतली माणसं या जीपा घेऊन डोंगरात येतात, पैसे भरून मुद्दाम चिखलात रुततात, एकमेकांना ओढून काढतात आणि टाळ्या वाजवतात. ज्या वाटेनं गंगी डोक्यावर भारा घेऊन बाजाराला येते, त्या वाटेला त्यांच्यात "ट्रेल" म्हणतात. मला हसू आलं, आणि जरा अचंबाही वाटला. एकच खड्डा; कोणाला टळत नाही म्हणून उतरायचा, कोणाला मिळत नाही म्हणून शोधायचा.

काउंटरवर त्यानं तीन रेडिओ मांडले. पहिला विमानातून काढल्यासारखा, रंगीत पडद्याचा. दुसरा मधला. तिसरा काळा, दोन बटणांचा, मुकाट. किंमत मिक्सरइतकी.

"हा बोलतो का नीट?"

"काकू, चार वॅट तिघांतही तेवढेच. पैसे दिव्यांचे असतात. रेडिओ स्वस्त घ्या, पण अँटेना लांब घ्या. कमी पैशात दूर बोलायचा तोच एक मार्ग."

इतका प्रामाणिक दुकानदार पाहून मी दोन मुकाट रेडिओ आणि दोन अँटेना घेतल्या. अँटेना माझ्या खांद्याएवढी, खाली लोहचुंबक. "टपावर ठेवली की चिकटते," मितेश म्हणाला. परतीच्या गाडीत डब्यातल्या बायकांनी विचारलं, "मासे गरवायला का ताई?" मी "हो" म्हटलं. काही प्रश्नांची खरी उत्तरं पेण स्टेशनच्या आत संपत नाहीत.

घरी आल्यावर लक्षात आलं की आमच्या जीपला ताडपत्रीचा हूड आहे. ताडपत्रीला लोहचुंबक चिकटत नाही, हे मला सातवीत शिकवलं होतं. रोह्याला आठवलं नाही. यांनी सासूबाईंचा भाकरीचा तवा आणून हुडावर बांधला. अँटेना चिकटली, पण रेडिओ घोगरा बोलू लागला. मितेशला फोन केला. "काकू, खाली लोखंड मोठं पाहिजे." मग न्हाणीघराचा पत्रा निघाला. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळ करताना आकाश दिसतं. जीप मात्र लग्नाच्या मांडवासारखी दिसू लागली.

हैबतरावांनी आम्हाला प्रशिक्षण दिलं. "बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं. ज्यानं बटण धरलं त्याचंच राज्य. तो सोडत नाही तोवर समोरच्यानं कितीही बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. समजलं?"

समजलं, असं आम्ही दोघं म्हणालो. मी घरी, हे गोरखच्या पिकअपमधून वडखळ नाक्यावर. गोरख म्हणजे गंगीचा भाऊ. पुढची गाडी त्याची. यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "गणपती बाप्पाऽऽ," आणि बटण तसंच धरून "मोरया"ची वाट बघत राहिले. मी इकडून घसा फोडून मोरया म्हणतेय, राज्य त्यांचं. आणि "गणपती बाप्पा" म्हटल्यावर उत्तर आलं नाही तर आपल्याकडचा माणूस तिथून पुढे सरकूच शकत नाही. त्यांनी सात वेळा म्हटलं. तिसऱ्यानंतर नाक्यावर एसटीची वाट बघणारे मोरया म्हणू लागले. सातव्याला म्हणे अलिबागच्या गाडीतनं लोकांनी हात जोडले.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पुढे गोरखची पिकअप: तो, हे, हैबतराव, मागे वाडीच्या चार बायका आणि फुलांच्या टोपल्या. मागे मी, आणि माझ्यामागे पेंढ्यावर बाप्पा, तोंडावर रुमाल, आणि त्याला मिठी मारून बसलेली गंगी. मला उपास होता. गंगीला भीती होती. बाप्पाच तेवढे निवांत.

मोठ्या रस्त्याविषयी मी काही बोलत नाही. एवढंच सांगते की खांबच्या पुढे रानातली वाट लागली तेव्हा धक्के कमी झाले.

आणि रेडिओ! "डावीकडे दगड आहे, उजवीकडून घे, ओव्हर." मी घ्यायची. "इथे पाणी आहे, घोट्याएवढं, ओव्हर." मी घालायची. वळणापलीकडची गाडी दिसत नव्हती, पण यांचा आवाज माझ्या कानाशी होता. घरात हा माणूस मीठ कमी आहे एवढंच बोलतो. इथे प्रत्येक खड्डा मला नाव घेऊन सांगत होता. मी स्टिअरिंग धरून चकित होत होते. चार वॅटमध्ये माणसातून इतकं निघतं!

शेवटी खिंड आली. एका बाजूला कातळ, एका बाजूला ओढा, वाट एका गाडीपुरती, आणि वरून दगडांचे ट्रॅक्टर उतरतात. ठरलं होतं: पुढची गाडी वर जाईल, वर ट्रॅक्टर नाही असं बघेल आणि "ये" म्हणेल. मगच मी निघायचं. पिकअप वर गेली, दिसेनाशी झाली. मी खालच्या कडेला थांबले.

रेडिओ वाजला. "ये" नाही. आरती.

वर पोचल्याच्या आनंदात बायकांनी आरती धरली होती. आणि मागच्या गाडीला, खुद्द बाप्पालाही ऐकू जावी म्हणून यांनी बटण दाबून माइक त्यांच्यासमोर धरला होता. मी बटण दाबून ओरडले, "अहो, ट्रॅक्टर आहे का? ओव्हर!" राज्य त्यांचं.

"ताई," गंगी मागून म्हणाली, "गाडी कलंडते गो."

सकाळच्या सरीनं कडा भिजली होती. मागचं डावं चाक हळूहळू, पाव चहात बुडावा तसं, मातीत जात होतं. गंगी बाप्पाच्या खालच्या अंगाला जाऊन पाठीनं त्याला तोलत होती.

थांबले तर कलंडणार. निघाले तर खिंडीत ट्रॅक्टर समोर येणार, आणि मागे रिव्हर्स. माझा रिव्हर्स मी वर सांगितलाच आहे. आणि रेडिओवर आरती. सुरू केलेली आरती मध्ये तोडत नाहीत. पहिली झाली, मी श्वास घेतला. लगेच देवीची सुरू झाली. तिच्यामागे शंकराची असते. शंकरामागे अजून किती असतात ते ज्यानं त्यानं आपल्या घरचं आठवावं.

मी रेडिओवरचं भलतंच, चॅनेलचं बटण फिरवलं. आरती गेली. दुसऱ्या जागेवर नुसती खरखर. मी माइक धरला. "कोणी आहे का? कोणीही? ओव्हर."

आणि खरखरीतून, खोल विहिरीच्या तळाशी कोणी बोलावं तसा, एक आवाज वर आला. पुरुषाचा. भाषा मराठी नव्हती, हिंदी नव्हती, इंग्रजी नव्हती. शब्द गोल, सावकाश. मागे कोंबडा आरवत होता. भर दुपारी, कुठल्या तरी अंगणात, कुठल्या तरी देशात, एक कोंबडा. आणि तो मला खिंडीच्या तोंडाशी ऐकू येत होता. गंगीनं विचारलं, "कोन हाय ह्यो?"

"माहीत नाही."

"मंग सांग ना त्याला!"

मी सांगितलं. मराठीत. की मागे बाप्पा आहे, अडीच फूट, शाडूचा, मी घडवलेला. की याआधी दोनदा मोडलाय. की चाक जातंय, आणि वर आमचे हे आरती करतायत. आजवर मी कोणाशी सलग इतकं बोलले नसेन. शेवटी "ओव्हर" म्हणून बटण सोडलं.

तो माणूस बोलला. अगदी हळू; एकच शब्द दोन-दोनदा म्हणत, बिथरलेल्या जनावराला गोठ्यात घेताना आपण बोलतो तशा सुरात. त्याला काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं.

मी चारही चाकांचा दांडा ओढला, सगळ्यांत बारका गिअर टाकला, एका हातानं हॉर्न दाबून धरला. "गंगी, धर!" गाडी आधी गुरगुरली, मग मागे कडेची माती धबकन ओढ्यात गेली, आणि त्याच वेळी आम्ही सुटलो. मी खिंड चढले. कातळ आरशाला घासला. वळण, पुन्हा वळण, समोर केव्हाही ट्रॅक्टर.

वर पोचले. ट्रॅक्टर होता. रस्त्यात आडवा, दगडांनी भरलेला. आणि त्याचा चालक चपला काढून, डोळे मिटून, बायकांच्या ओळीत टाळ्या वाजवत उभा होता. आरती सुरू झालेली बघून तो थांबला होता. शेजारी हैबतराव, टोपी काढून. हे माइक घेऊन. आणि हात दुखू नये म्हणून त्यांनी बटणाला माझंच केसांचं रबर गुंडाळलं होतं.

मी खाली उतरले. मला पुष्कळ बोलायचं होतं. पण आरती चालू होती. मला शेवटपर्यंत टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"तू न विचारताच वर आलीस?" प्रसाद हातावर ठेवत हे म्हणाले.

मी त्या आवाजाचं सांगितलं. हैबतराव ठामपणे म्हणाले, "वहिनी, उपासानं होतं असं. चार वॅट रोह्यापर्यंत जायचे नाहीत." (दुसऱ्या दिवशी फोनवर मितेश म्हणाला की कधी कधी, सूर्य जोरात असला की, हा आवाज आकाशावर आपटून समुद्रापार उतरतो. "तीन-चार हजार किलोमीटर, काकू. नशीब लागतं." मी फोन हातात घेऊन बराच वेळ आमच्या न्हाणीघराच्या आकाशाकडे बघत उभी होते.)

वाडीवर सगळे वाटेत उभे होते, पण पुढे कोणी येईना. कोणी मोरयाही म्हणेना. बाप्पा उतरवला तो गंगीनं आणि मी. गिरजाबाई काठी टेकत आल्या. रुमाल उद्या पूजेलाच निघायचा, म्हणून त्यांनी तो काढला नाही. खालून हात घातला आणि चाचपत निघाल्या. सोंड, वरपासून टोकापर्यंत. एक हात. दुसरा. तिसरा. चौथ्यावर थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, बोटं एक-एक करून पाहिली. कान. पाय. पायाशी उंदीर. त्यांच्या सुरकुतल्या हाताखाली माझी सहा महिन्यांची माती होती.

हात बाहेर काढून त्या वाडीकडे वळल्या. "समदा हाय," म्हणाल्या. मग वाडी जी ओरडली ती वडखळ नाक्यापर्यंत बिनरेडिओ ऐकू गेली असावी.

गंगीनं तोवर सगळ्यांना खिंडीतली हकिकत सांगून टाकली होती, की आभाळातनं एक माणूस बोलला आणि ताईनं त्याला सारं सांगितलं. मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. कोणाला विशेष वाटलंच नाही. गिरजाबाईंनी मला एवढंच विचारलं, "मंग त्याला कळवलास का गो, पोचला म्हनून?"

"नाही."

"आगो, मानूस तिकडं जीव टांगून बसला असंल!"

त्यांचं बरोबर होतं. मी जीपमध्ये बसले, ते बटण त्या जागेवर आणलं. वाडी गाडीभोवती गोळा झाली. हैबतराव काही म्हणायला आले होते, पण गिरजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले. मी माइक धरला.

"पोचला," मी म्हटलं. "अख्खा पोचला."

"हात सांग, हात," गंगी कुजबुजली.

"चारी हात आहेत. सोंड आहे. उंदीरसुद्धा. ओव्हर."

आणि मी बटण सोडलं. खरखर. पन्नास-साठ माणसं श्वास रोखून ती खरखर ऐकत होती, पोरंबाळंसुद्धा. पलीकडून कोणी बोललं नाही. आम्ही ऐकत राहिलो.

"ऐकलान त्यानं," गिरजाबाई म्हणाल्या आणि बाप्पासाठी पाट मांडायला आत गेल्या.